आभासी सर्व्हरला ८५ अंश ताप कसा आणायचा?

तळमजला_नारायणपेठ | सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी,

नारायण पेठेतल्या एका छोट्या कार्यालयाचे तीन सर्व्हर मी सांभाळतो. सर्व्हर रूम म्हणजे वाड्यातली एके काळची कोठीची खोली. खिडकी नाही, एकच एसी. एप्रिलमध्ये एका शनिवारी रात्री तो एसी बंद पडला. रविवारी सकाळी दार उघडलं तर आत भट्टी, आणि मोठा सर्व्हर स्वतःहून बंद होऊन बसलेला.

त्याच सर्व्हरवर माझी एक स्क्रिप्ट आहे. दर दहा मिनिटांनी आयपीएमआय टूलने (सर्व्हरचे सेन्सर वाचायची आज्ञा) सीपीयूचं तापमान वाचते, ८५च्या वर गेलं की मेल पाठवते. त्या रात्री मेल आलाच नाही. मालकांनी एकच प्रश्न विचारला, "मग ती स्क्रिप्ट करते काय?" मला उत्तर देता आलं नाही.

स्क्रिप्ट तपासायची तर सर्व्हर तापवायला हवा. ऑफिसातला एक उत्साही पोरगा म्हणाला, घरून हेअर ड्रायर आणतो. त्याला चहा आणायला पाठवलं आणि ठरवलं, खोटा सर्व्हर उभा करू.

क्यूईएमयूमध्ये (आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) लिनक्स चढवलं. त्याला दोन उपकरणं जोडली: आधी 'आयपीएमआय-बीएमसी-सिम' (बीएमसी म्हणजे सर्व्हरच्या बोर्डावरचा देखरेख करणारा छोटा संगणक, हा त्याचा सिम्युलेटर), आयडी बीएमसी०, आणि मग 'आयएसए-आयपीएमआय-केसीएस' (बीएमसीशी बोलायचं दार), त्याचा बीएमसी म्हणजे वरचा बीएमसी०. (दुसऱ्याला पहिल्याचं नाव सांगायला विसरलो होतो, तेव्हा बीएमसी ॲट्रिब्यूट द्या म्हणून क्यूईएमयूने दारातूनच परत पाठवलं.) मग खऱ्या सर्व्हरवर आयपीएमआय टूलची 'एसडीआर डंप' आज्ञा चालवून सगळ्या सेन्सरच्या नोंदी एका फाइलीत घेतल्या आणि ती फाइल सिम्युलेटरला 'एसडीआरफाइल' म्हणून दिली.

आता गंमत बघा. आभासी मशीनमध्ये सेन्सरची यादी मागितली की खऱ्या सर्व्हरचे सगळे सेन्सर नावानिशी हजर. सीपीयू, पंखे, व्होल्टेज, सगळे. पण किंमतीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'एनए', म्हणजे वाचनच नाही. फक्त दोन ओळींत शून्य दिसतं, त्यातली एक कॅबिनेट उघडल्याची खूण देणारी.

मला तिथे ८६ हवेत. कसे आणू?

---

मिसळप्रेमी_नळस्टॉप | सोमवार, रात्री ११:३१

ताप आणायचाय? कांदा ठेव काखेत. आम्ही शाळेत असताना हमखास यायचा.

---

हिंजवडी_फेज३ | सोमवार, रात्री ११:४८

व्हर्च्युअल-बीएमसी वापर की. ओपनस्टॅकवाल्यांचं आहे. आमच्याकडे तेच चालतं, दोन मिनिटांत काम होतं.

---

खडकवासला_जलसाठा | मंगळवार, सकाळी ७:०५

@फेज३, ते वेगळं प्रकरण आहे. व्हर्च्युअल-बीएमसी बाहेरून आयपीएमआयच्या आज्ञा घेतं आणि लिबव्हर्टला (आभासी मशीन सांभाळणारी लायब्ररी) सांगून आभासी मशीन चालू-बंद करतं. मशीन बसवण्याच्या ऑटोमेशनची चाचणी करायला उत्तम. पण आतल्या लिनक्सला त्यातून सेन्सर दिसत नाहीत. धागाकर्त्याला सेन्सर आतून दिसायला हवेत.

धागाकर्ते, आधी पायाभूत गोष्टी विचारते, राग मानू नका. आत आयपीएमआयची मॉड्यूलं चढलीत ना? 'आयपीएमआय-एसआय' एकटं पुरत नाही, 'आयपीएमआय-डेव्हइंटफ'ही लागतं.

---

तळमजला_नारायणपेठ | मंगळवार, सकाळी ९:१२

राग कसला ताई, त्यातच माझा रविवार गेला! 'डेव्ह' खाली 'आयपीएमआय०' फाइलच नाही म्हणून सांगत होतं. मी छाटलेलं छोटं कर्नल घेतलं होतं, त्यात ती मॉड्यूलंच नव्हती. साधं कर्नल टाकल्यावर सापडली. आता यादी येते म्हणजे तेवढं ठीक असावं.

---

फोर्ट्रानकाका | मंगळवार, सकाळी १०:४०

यादी येते म्हणजे केसीएसचं दार उघडं आहे, आयओ पोर्ट हेक्स (सोळाच्या पायाने लिहिलेला आकडा) सीए२ वर बोलणं चालू आहे. तिथे आता वेळ घालवू नकोस.

तुझी गल्लत दुसरीकडे आहे. तू सिम्युलेटरला जी फाइल दिलीस ती पाट्यांची फाइल आहे. दारावर पाटी आहे, "सीपीयू १, तापमान, अंश सेल्सिअस, ८५ला इशारा". पुणेरी पाटी, अगदी सविस्तर. पण पाटी लावली म्हणून घरात माणूस राहायला येत नाही. तू बेल वाजवतोयस, आतून कोणी ओ देत नाही, म्हणून 'एनए'.

एसडीआर म्हणजे सेन्सरचं वर्णन. तापमान खुद्द त्यात नसतं. खऱ्या सर्व्हरवर ते विचारलं की बीएमसीचं फर्मवेअर बोर्डावरच्या चिपकडून आकडा आणतं. तुझ्याकडे चिपही नाही आणि आणणाराही नाही.

आता 'दोन ओळींतच शून्य का' याचं उत्तर. क्यूईएमयूच्या कोडमध्ये 'एचडब्ल्यू' खाली 'आयपीएमआय' फोल्डर आहे, त्यात 'आयपीएमआय_बीएमसी_सिम डॉट सी' उघड. सेन्सर उभे करणारं फंक्शन पन्नासएक ओळींचं आहे, चहा संपायच्या आत वाचून होईल. तिथे दोन अडसर आहेत.

पहिला: सेन्सरची कमाल संख्या २०. म्हणजे क्रमांक ० ते १९. तुझ्या खऱ्या सर्व्हरवर सीपीयूच्या सेन्सरचा क्रमांक हेक्स ३० वगैरे असेल, तो तिथेच गळला. गुपचूप गळतो, तक्रारसुद्धा करत नाही.

दुसरा: नोंदीचा प्रकार. प्रत्येक नोंदीला पाच बाइटचं डोकं असतं. दोन बाइट नोंद क्रमांकाचे, मग आवृत्ती (हेक्स ५१), मग प्रकार, मग लांबी. प्रकार १ म्हणजे पूर्ण नोंद, २ म्हणजे संक्षिप्त. तापमान, व्होल्टेज, पंखे अशा आकडा सांगणाऱ्या सेन्सरना पूर्ण नोंद असते, कारण कच्च्या बाइटचे अंश कसे करायचे ते तिच्यातच लिहिलेलं असतं. आणि हा सिम्युलेटर फक्त संक्षिप्त नोंदींपासून सेन्सर उभे करतो. पूर्ण नोंदी यादीत ठेवून देतो, मागितल्या की वाचून दाखवतो, पण त्यांच्यामागे काही बांधत नाही. वाचन मागितलं की 'नोंद हजर नाही' असा हेक्स सीबी कोड परत करतो.

तुझ्या त्या दोन शून्यवाल्या ओळी बघ. दोन्ही संक्षिप्त आणि दोन्हींचा क्रमांक २०च्या आत असणार. पैज.

---

तळमजला_नारायणपेठ | मंगळवार, दुपारी १:३०

काका दंडवत! दोन्ही संक्षिप्त. क्रमांक ४ आणि ११. पैज हरलो, मिसळ लागू.

---

मिसळप्रेमी_नळस्टॉप | मंगळवार, दुपारी १:३२

मिसळीचा उल्लेख झाला म्हणून आलो. वाचतोय.

---

शुद्धलेखन | मंगळवार, दुपारी २:१५

'सेन्सर' ऐवजी 'संवेदक' हा सुंदर शब्द असताना... आणि 'किंमत' कसली? वस्तूला किंमत असते, वाचनाला 'मूल्य'.

---

फोर्ट्रानकाका | मंगळवार, दुपारी २:५०

मूल्य मान्य. संवेदक छापायला छान आहे, पण तापकीर गल्लीत जाऊन "तापमानाचा संवेदक द्या" म्हणून बघा. दुकानदार आधी तुम्हाला पाणी विचारेल.

---

शुद्धलेखन | मंगळवार, दुपारी २:५५

विचारू दे. उन्हाळा आहे.

---

तळमजला_नारायणपेठ | मंगळवार, रात्री १०:५०

प्रगती पुस्तक:

सीपीयूची नोंद हाताने संक्षिप्त केली, क्रमांक दिला १. एक चूक सांगून ठेवतो. डोक्यातला लांबीचा बाइट बदलायला विसरलो होतो, त्यामुळे पुढच्या सगळ्या नोंदी सरकल्या आणि क्यूईएमयू सुरू होतानाच अमुक नोंदीत गडबड म्हणून ओरडलं. लांबी मोजताना ते पाच बाइट धरायचे नसतात.

मग आयपीएमआय टूलच्या 'रॉ' आज्ञेने मूल्य भरलं. नेट-फंक्शन हेक्स ०४, आज्ञा हेक्स ३०, सेन्सर १, क्रिया १ ('हे मूल्य लिही'), आणि शेवटी हेक्स ५६ म्हणजे ८६. लगेच आज्ञा हेक्स २डी ने परत वाचलं. ५६ आलं! रात्री पावणेदहाला एकटाच टाळ्या वाजवल्या.

पण यादीत ते '८६ अंश' असं येत नाही. नुसता हेक्स आकडा येतो आणि पुढे 'डिस्क्रीट'. माझी स्क्रिप्ट तर 'डिग्रीज सी' हे शब्द शोधते. शिवाय ८६ लिहूनही इव्हेंट लॉग कोरा. मर्यादा ओलांडल्याची नोंद पडायला नको का?

---

फोर्ट्रानकाका | बुधवार, सकाळी ८:२०

अंश येणार नाहीत. संक्षिप्त नोंदीत रूपांतराचे गुणक ठेवायला जागाच नसते. दोन पंख्यांची जोडी, पॉवर सप्लाय आहे-नाही, झाकण उघडं-बंद, असल्या होय-नाही जातीच्या सेन्सरांसाठी ती. फाइल न देता हा सिम्युलेटर चालवलास तर त्यात एकच सेन्सर असतो, वॉचडॉगचा (मशीन अडकलं का बघणारा टायमर), तोही त्याच जातीचा. (आणि स्वतःची फाइल दिली की तो वॉचडॉगही जातो, हवा असेल तर आपल्या फाइलीत घालावा लागतो.)

लॉग कोरा, कारण मर्यादा ही कल्पनाच या सिम्युलेटरला ठाऊक नाही. मर्यादा वाचायची आज्ञा नाही, लिहायची नाही, मूल्याशी ताडून बघणारं कोणी नाही. तू ८६ लिहिलेस, त्याने ८६ ठेवले. २५५ लिही, तेही ठेवेल, चेहऱ्यावरची रेष हलणार नाही.

याला दोष म्हणू नकोस. कर्नलचा ड्रायव्हर नीट बोलतो का एवढंच तपासायला तो पुरेसा आहे. तुझं काम मोठं आहे, तुला बाहेरचा बीएमसी लागेल. खडकवासलाताईंनी ते केलेलं दिसतंय, त्यांनी सांगावं.

---

खडकवासला_जलसाठा | बुधवार, दुपारी १२:१०

सांगते. थोडं लांब होईल, पण हे नीट लिहिलेलं मराठीत मला कुठे सापडलं नव्हतं.

क्यूईएमयूत बीएमसीचा दुसरा प्रकार आहे, 'आयपीएमआय-बीएमसी-एक्स्टर्न'. याला स्वतःची अक्कल नाही. आतून आलेला प्रत्येक निरोप तो सॉकेटवरून बाहेरच्या प्रोग्रामकडे देतो आणि उत्तर आत आणून सोडतो. बाहेरचा प्रोग्राम म्हणजे ओपनआयपीएमआय या प्रकल्पातला 'आयपीएमआय_सिम'. हा खराखुरा बीएमसी असल्यासारखा वागतो, मर्यादा, इव्हेंट लॉग, लॅनवरचं लॉगिन, सगळं.

त्याला दोन फाइली लागतात. एक लॅनची मांडणी सांगणारी. तिच्यात क्यूईएमयू कुठल्या पोर्टवर येणार (माझ्याकडे ९००२, आणि कोडेक 'व्हीएम' लिहायचा) ते असतं. दुसरी फाइल 'ईएमयू' शेपटाची, तिच्यात बीएमसीच्या पोटातलं सामान. तापमानाच्या सेन्सरपुरतं सांगायचं तर ओळी अशा:

'सेन्सर_ॲड', पुढे बीएमसीचा पत्ता हेक्स २०, लन (बीएमसीतला उपपत्ता) ०, सेन्सर क्रमांक १, प्रकार हेक्स ०१ (तापमान, व्होल्टेज ०२, पंखा ०४), आणि वाचनाचा प्रकार हेक्स ०१, म्हणजे मर्यादावाला.

'सेन्सर_सेट_व्हॅल्यू', तोच पत्ता, आणि सुरुवातीचं मूल्य.

'सेन्सर_सेट_थ्रेशोल्ड', पुढे 'सेटेबल', मग सहा आकडी शून्य-एकची माळ, मग सहा मर्यादा. आयपीएमआयमध्ये मर्यादा सहाच: वरच्या तीन, खालच्या तीन. प्रत्येक बाजूला आधी 'सावध', मग 'गंभीर', मग 'गेलं कामातून'. माळेत १११००० लिहिलं की फक्त वरच्या तीन चालू. पुण्यात सीपीयू गोठायची भीती नसल्याने खालच्या तीन शून्यच ठेवा.

'सेन्सर_सेट_इव्हेंट_सपोर्ट'. ही ओळ विसरलात तर मूल्य दिसतं, मर्यादा दिसतात, ओलांडतातही, पण लॉगमध्ये काही पडत नाही. माझे दोन दिवस या एका ओळीने खाल्ले.

शेवटी 'एमसी_इनेबल'.

आणि पाट्या इथेही लागतातच. पण नोंदी हाताने बाइट-बाइट लिहू नका. ओपनआयपीएमआयबरोबर 'एसडीआरकॉम्प' नावाचा प्रोग्राम येतो. साध्या मजकुरात नोंद लिहायची, तो बायनरी करून देतो.

क्यूईएमयूच्या बाजूला: 'कॅरडेव्ह सॉकेट' (बाहेर बोलायची वाहिनी), लोकलहोस्ट, पोर्ट ९००२, 'रीकनेक्ट १०' (नव्या आवृत्त्यांत 'रीकनेक्ट-एमएस १००००'). मग 'आयपीएमआय-बीएमसी-एक्स्टर्न' त्या कॅरडेव्हला बांधायचा. मग केसीएस किंवा बीटी (तसंच दुसरं दार), नेहमीसारखं. आधी सिम्युलेटर सुरू करा, मग क्यूईएमयू.

नमुना फाइलीत वापरकर्त्याचा पासवर्ड 'टेस्ट' असा असतो. पत्ता लोकलहोस्टच राहू द्या, नाहीतर सगळ्या ऑफिसला तुमचा ताप दिसेल.

---

हिंजवडी_फेज३ | बुधवार, दुपारी १२:४०

+१, वाखु (वाचनखूण) साठवली आहे. माझा आधीचा प्रतिसाद मागे घेतो.

---

जुना_बाजार | बुधवार, सायंकाळी ६:३०

तिसरी वाट सांगतो, धागाकर्त्याला नको असली तरी कुणाला तरी लागेल. खुद्द बीएमसीचंच अनुकरण करायचं. क्यूईएमयूत अ‍ॅस्पीड चिपच्या बोर्डांची मॉडेलं आहेत, 'एएसटी२५००-ईव्हीबी', 'रोम्युलस-बीएमसी' वगैरे. त्यावर ओपनबीएमसी (बीएमसीचं मुक्त फर्मवेअर) चढतं. तिथे तापमानाचा सेन्सर म्हणजे आयटूसी बसवर (बोर्डावरच्या चिपा जोडणारी वाहिनी) बसलेली 'टीएमपी१०५' चिप. तिला डिव्हाइस म्हणून जोडताना बस आणि पत्ता द्यायचा, एक आयडी द्यायची. मग क्यूईएमयूच्या मॉनिटरवर 'क्यूओएम-सेट', त्या आयडीचा मार्ग, गुणधर्म 'टेम्परेचर', मूल्य ८६०००. हो, हजारात, मिलिअंश. मी पहिल्यांदा ८६ लिहिलं आणि सर्व्हर शून्याला चिकटून बसला. आत लिनक्सचा एलएम७५ ड्रायव्हर ते वाचतो. १२८ अंश किंवा वर गेलात तर क्यूईएमयूच नकार देतं.

मी मंगळवार पेठेतल्या बाजारातून भंगारात आलेला सर्व्हर बोर्ड उचलला होता, बीएमसी मेलेला. त्याच्या निमित्ताने हे सगळं शिकलो. बोर्ड अजून मेलेलाच आहे.

---

तळमजला_नारायणपेठ | गुरुवार, रात्री ११:५५

(दिवसा लिहिणार होतो, पण आज गुरुवार. वीज आली संध्याकाळी.)

ताई, चाललं! यादीत 'सीपीयू १, ९६ डिग्रीज सी'. पण दोन शंका.

एक, मी नमुना फाइलीतलं मूल्य तसंच ठेवलं होतं, हेक्स ६०. सर्व्हर सुरू व्हायच्या आधीच उकळतोय?

दोन, वरच्या मर्यादा नमुन्यातल्याच होत्या, हेक्स ७०, ९०, ए०. यादीत दिसतात ११२, उणे ११२ आणि उणे ९६. उणे ११२ला 'गंभीर'? हा सर्व्हर आहे की अंटार्क्टिका?

---

फोर्ट्रानकाका | शुक्रवार, सकाळी ९:३०

दोन्ही शंका एकाच मुळाच्या. सेन्सर बोलतो ते एक बाइट, ० ते २५५. त्याचे अंश करायचं सूत्र पाटीवर:

खरं मूल्य = (एम × कच्चा आकडा + बी × १० चा के१ घात) × १० चा के२ घात.

तू एम १ ठेवलास, बाकी शून्य. हेक्स ६० म्हणजे ९६, म्हणून ९६ अंश. नमुन्यातले आकडे उदाहरणादाखल आहेत, त्यांचे अंश करून कोणी बघितलेले नाहीत. तुला आज खोली २८ आणि सीपीयू ४२ हवा असेल तर हेक्स २ए लिही. अर्ध्या अंशाची पायरी हवी तर एम ५, के२ उणे १, मग ४२ अंशांसाठी कच्चा आकडा ८४.

उणे ११२ कुठून आले? नोंदीत कच्चा आकडा चिन्हांकित आहे की नाही ते सांगणारे दोन बिट असतात. तू 'टूज कॉम्प्लिमेंट' निवडलंस. मग १२७च्या पुढचा प्रत्येक बाइट उणे. हेक्स ९० म्हणजे १४४, वजा २५६, उणे ११२. एक तर अचिन्हांकित कर, नाहीतर १२७च्या आत राहा. सीपीयूला तसंही १२७च्या पुढे कुठे जायचंय.

हा बाइटभर काटकसरीचा कारभार बघून हसू नका मुलांनो. आयपीएमआयची पहिली आवृत्ती १९९८ची, इंटेल, एचपी, एनईसी आणि डेल यांनी मिळून केलेली. २.० आली २००४ला. एकेक बाइट जपायचे दिवस होते ते. त्यापेक्षा मोकळंढाकळं हवं असेल तर २०१५ पासून रेडफिश हे नवं मानक आहे, तिथे तापमान सरळ आकड्यात लिहिलेलं येतं.

---

खडकवासला_जलसाठा | शुक्रवार, सकाळी १०:०५

एक गंमत सांगते, आवडेल तुम्हाला. 'सेन्सर_ॲड'च्या ओळीला शेवटी 'पोल २००० फाइल' आणि फाइलीचं नाव जोडा. दर दोन सेकंदांनी सिम्युलेटर त्या फाइलीतला आकडा उचलतो. म्हणजे मूल्य बदलायला आज्ञा नको, 'इको' करून फाइलीत आकडा टाकला की झालं. पुढे 'डिव्ह=१०००' लिहिलंत तर मिलिअंशांची फाइलही चालते. मी तिथे माझ्या लॅपटॉपच्याच थर्मल झोनची फाइल दिली होती. आभासी सर्व्हरला माझ्या लॅपटॉपचा ताप चढायचा. मे महिन्यात दुपारी तीन वाजता ब्राउजरमध्ये तीस टॅब उघडले की आपोआप इव्हेंट पडत.

---

तळमजला_नारायणपेठ | शनिवार, रात्री १२:३०

जमलं. फाइल ठेवली, एका छोट्या लूपने ४२ पासून दर दहा सेकंदांना एक अंश वाढवत नेला. ८६ झाले, लॉगमध्ये नोंद पडली आणि स्क्रिप्टने मेल पाठवला. मग मुद्दाम ८५-८६-८५-८६ असं झुलवलं. सिम्युलेटरच्या लॉगमध्ये चढ-उताराच्या वीस नोंदी. 'सेन्सर_सेट_हिस्टेरिसिस' घालून दोन अंशांची सूट दिली तेव्हा एकच राहिली. ८६ला चढलं की पुरतं खाली आल्याशिवाय उतरल्याचं मानत नाही. खऱ्या सर्व्हरवरही ती सेटिंग बघून ठेवली.

तर स्क्रिप्ट ठीक आहे. एप्रिलमध्ये मेल का आला नाही हे कोडं मात्र तसंच. मेल सर्व्हर असेल, नेट गेलं असेल. सर्वांचे मनापासून आभार. काकांची मिसळ नक्की.

---

जुना_बाजार | शनिवार, सकाळी १०:१५

एक विचारू? सोमवारी तुझ्या आभासी मशीनवर सगळीकडे 'एनए' होतं. तेव्हा स्क्रिप्ट चालवून बघितली होतीस का? तिने त्या 'एनए'चं काय केलं?

---

तळमजला_नारायणपेठ | शनिवार, सकाळी १०:४०

नाही चालवली. मूल्यच नव्हतं तर काय चालवायची.

थांबा.

---

तळमजला_नारायणपेठ | शनिवार, दुपारी १२:२०

सोमवारची मांडणी परत उभी केली. आतला साधा सिम्युलेटर, पूर्ण नोंदी, सगळीकडे 'एनए'. 'एनए'च्या ओळीतही 'डिग्रीज सी' असतंच, त्यामुळे स्क्रिप्ट ती उचलते. पुढे ऑकमध्ये (मजकुरातले रकाने वेचणारी आज्ञा) मी रकान्यात शून्य मिळवून त्याचा आकडा करतो. 'एनए' अधिक शून्य, ऑकच्या हिशेबी शून्य. ० हे ८५ पेक्षा कमी. स्क्रिप्टने लॉगमध्ये लिहिलं: "तापमान ०. सर्व ठीक."

मग खऱ्या सर्व्हरचा एप्रिलचा लॉग काढला. तेव्हा मी फक्त शेवटचं पान बघून 'काही विशेष नाही' म्हटलं होतं. शनिवारी रात्री १:२० पर्यंत ६१, ६३, ६८. १:३० पासून पहाटे ४:५० पर्यंत दर दहा मिनिटांनी एकच ओळ. तापमान ०, सर्व ठीक. त्यानंतर लॉग संपतो, कारण सर्व्हरच बंद पडला.

पुण्यात, एप्रिलमध्ये, बंद खोलीत, शून्य अंश. आणि मी ते वाचलं होतं.

---

मिसळप्रेमी_नळस्टॉप | शनिवार, दुपारी १२:२५

आई शप्पथ.

---

फोर्ट्रानकाका | शनिवार, दुपारी १:००

बीएमसी म्हणजेही एक छोटा संगणकच, तोही अडकून बसतो. सर्व्हर चालू ठेवून त्याला एकट्याला उठवता येतं: आयपीएमआय टूलने 'एमसी रीसेट कोल्ड'. पण आधी तो बसलाय हे कळायला हवं. 'एनए' आलं तर काय करणार आता?

---

तळमजला_नारायणपेठ | शनिवार, दुपारी १:२०

वेगळा मेल. "तापमान कळत नाही." सलग तीनदा आलं तर मालकांनाही प्रत.

आतला साधा सिम्युलेटर टाकून देणार होतो, तो आता खास 'एनए'च्या चाचणीसाठी ठेवतोय. ८६ अंशांसाठी ताईंचा बाहेरचा.

---

शुद्धलेखन | शनिवार, दुपारी १:४५

'तापमान उपलब्ध नाही' असे लिहावे. 'कळत नाही' हे कोणाला, असा प्रश्न पडतो.

---

तळमजला_नारायणपेठ | सोमवार, सकाळी ९:५०

पडला. रविवारी रात्री नवी स्क्रिप्ट आभासी मशीनवर टाकली आणि मालकांचा पत्ता चाचणीच्या यादीतून काढायला विसरलो. सकाळी सहाला फोन. पर्वतीवरून बोलत होते, धाप लागलेली. "तुला कळत नाही म्हणजे काय? थर्मामीटर नाही का?"

तापकीर गल्ली उघडल्यावर आणला. सर्व्हर रूममध्ये खिळ्याला टांगलाय. आत्ता २८.